हुंबूची पहिली नोंद

४ फेब्रुवारी

आधी 'चि.' लिहिलं, मग खोडलं. खोडलेलं दिसतंय, दिसू दे. मायना काय लिहावा यात माझी अर्धी सकाळ गेली आणि शेवटी बिनमायन्याचंच पत्र सुरू केलं आहे.

तुला आजवर जितकी पत्रं लिहिली ती सगळी इंग्रजीत. हे पहिलं आपल्या भाषेतलं. डावीकडे समास मुद्दाम मोठा सोडला आहे. चुका काढायच्या असतील तर काढ, लाल पेनाने काढ, माझी हरकत नाही.

तुझी चिठ्ठी मिळाली. चिठ्ठी कसली, तीन शब्द. 'माझं नाव काढा.' नऊ वर्षांनी लेक बापाला लिहिते आणि तीन शब्दांत आटोपते! आत्याने ती पाकिटातसुद्धा न घालता माझ्या हातावर ठेवली. मी तुझा पत्ता विचारला तर म्हणाली, "दादा, पत्र माझ्याकडे दे, मी पोचवीन. पत्ता मागू नकोस." माझ्या धाकट्या बहिणीने मला असं बजावावं, इथवर वेळ आली.

माझी बाजू तू कधी ऐकून घेतली नाहीस, म्हणून तुला ठाऊक आहे तेही पुन्हा सांगतो.

तीन वर्षांपूर्वी तू विमानतळावर हरवलेल्या सामानाच्या काउंटरवर होतीस. एका गृहस्थाची बॅग आली नाही आणि तो तुझ्यावर चारचौघांत ओरडला. बॅग तू हरवली नव्हतीस, तरी माफी तूच मागत होतीस. मग तुझा खालचा ओठ बाहेर आला आणि तू त्याला इंग्रजीत म्हणालीस, "सॉरी सर, आय ॲम जस्ट हुंबूइंग, वन मिनिट प्लीज." मागे रांगेतल्या कुणीतरी ते फोनवर टिपलं. एकोणीस सेकंद.

हुंबू म्हणजे काय हे तोवर जगात तीन माणसांना ठाऊक होतं, त्यातलं एक गेलेलं. महिन्याभरात ते लाखोंच्या तोंडी झालं. जो आपल्याला बोलतोय त्याचीच रडत रडत माफी मागायची, ते हुंबू. ओठ बाहेर काढून व्हिडिओ करायची टूम निघाली. सामना हरलेला कप्तान हुंबू, राजीनामा देणारा मंत्री हुंबू, ऑफिसात साहेबाने झापलेला कारकून हुंबू. नाक पुसायच्या कागदांच्या जाहिरातीत हुंबू. तुझं नाव कुणालाच माहीत नव्हतं, हे मात्र लक्षात घे. ते पुढे येईल.

मी या इंग्रजी कोशात एकतीस वर्षं काढली. पूर्वी शब्द रमतगमत यायचे. एखाद्या कादंबरीत दिसायचा, आठ-दहा वर्षांनी वर्तमानपत्रात, मग कुठे आमच्या टेबलावर. तोवर त्याची ओळखपाळख झालेली असायची. आता फोनवर सकाळी जन्मतो आणि संध्याकाळी इंग्रजी म्हणून मिरवतो. सेल्फी आला, ट्रोल आला, अनफ्रेंड आला, हॅशटॅग आला. आम्ही नुसते दाराशी उभे. शब्द चांगल्या घरचा की वाईट घरचा हे कोशवाला बघत नाही. तीन वर्षं टिकला, दहा ठिकाणी सापडला, की आत घ्यायचा. हुंबू टिकला. नवे शब्द माझ्या टेबलावर येतात, म्हणून तो माझ्याकडे आला. यात मी काय करणार होतो?

प्रत्येक शब्दाखाली त्याची सर्वांत जुनी नोंद द्यायची, तारखेसकट आणि बोलणाऱ्याच्या नावासकट, हा आमचा नियम. शेजारच्या टेबलावर बसतो त्याला आम्ही सगळे दाढी म्हणतो. त्याने एका विनोदवीराने टाकलेला व्हिडिओ शोधून आणला. त्यात तुझा चेहरा पुसट केलेला होता. मूळ व्हिडिओ ज्याने टाकला त्याने चार दिवसांत काढून टाकला होता, त्यामुळे तो कुणाकडेच नव्हता. माझ्याकडे होता. आत्याने पहिल्याच दिवशी तो मला पाठवला होता. त्यात तुझ्या छातीवरचा बिल्ला स्वच्छ वाचता येत होता.

मी शब्द अकरा दिवस मागे नेला. आमच्या धंद्यात एक दिवस मागे नेला तरी माणूस आठवडाभर कॉलर ताठ करून फिरतो. ऑफिसात टाळ्या वाजल्या. तू आईचं माहेरचं आडनाव लावतेस, त्यामुळे कुणाच्या काही लक्षात आलं नाही. मीही बोललो नाही.

नाव काढता येत नाही. घेतलेला शब्द कोश काढत नाही, नोंदही काढत नाही. हा नियम मी केलेला नाही.

— बाबा (एवढं तरी चालेल ना?)


११ फेब्रुवारी

काल आत्या आली होती. पत्र तिने तुला दिलं. तू वाचलंस की नाही, तिला ठाऊक नाही. "उशीखाली ठेवलंय," म्हणाली.

म्हणजे तू तिच्याकडेच राहतेस. तिच्या तोंडून निसटलं आणि तिने जीभ चावली. घाबरू नकोस, मी येणार नाही.

मग तिने मला जे सांगितलं ते मला आधी माहीत नव्हतं. नोव्हेंबरात आम्ही वर्षाचे नवे शब्द जाहीर केले, वर्तमानपत्रांनी छापले, आणि त्याच आठवड्यात दोन मुली तुझ्या हॉटेलच्या लाँड्रीत शिरल्या. तू चादरी दाबायच्या मशीनपाशी उभी होतीस. फोन समोर धरून म्हणाल्या, "ताई, एकदाच म्हणा ना!" पुढच्या आठवड्यात आणखी सात जण. मग मुकादमाने तुला सांगितलं, काही दिवस येऊ नकोस. काउंटरची नोकरी सोडून, गाव बदलून, जिथे कुणी गिऱ्हाईक समोर येत नाही अशी जागा तू शोधून काढली होतीस. तिथवर लोकांना वाट मी दाखवली. नाव दिलं की बाकीचं फोन करतो.

"आणि ती बोलत नाही, दादा," आत्या म्हणाली.

"माझ्याशी बोलत नाही, ते ठाऊक आहे."

"कुणाशीच. दुकानात बोटाने दाखवते. घरात मान हलवते. डिसेंबरपासून तिच्या तोंडून एक शब्द नाही. डॉक्टर म्हणतात, घसा उत्तम आहे."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तू विचारलंस?"

ती गेल्यावर टेबलावरचे दोन्ही कप मी धुतले, पुसले, पुन्हा धुतले.

आज मुख्य संपादकांकडे गेलो. त्यांना सगळे बाईच म्हणतात. मी सांगितलं, हुंबूखाली जिचं नाव आहे ती माझी मुलगी. बाईंनी चष्मा काढला.

"तुमची मुलगी? आणि नोंद देताना तुम्ही बोलला नाहीत?"

"विचारलं कुणी नाही."

"तिला तरी विचारलंत?"

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "नोंद काढता येत नाही," म्हणाल्या. "एकाची काढली की उद्या शंभर जण दारात. नव्या मुलांना तुम्हीच शिकवता ना? काय शिकवता?"

"जुन्या नोंदीला तिच्याहून जुनी नोंदच हटवते."

"मग तशी आणा. लेखी, इंग्रजीत, तारीख असलेली, अस्सल. छापील आवृत्ती मार्चअखेर जाते. त्याआधी आणलीत तर मुलीचं नाव जाईल, छापातूनही आणि पडद्यावरूनही. नंतर माझ्या हातात काही नाही. कागदावर छापलं की ते आपल्या सगळ्यांच्या मागे राहतं."

म्हणजे वाट आहे. अरुंद आहे, पण आहे. विचार करतो.

— बाबा


१९ फेब्रुवारी

विचार केला. आता तुला एक गोष्ट कबूल करतो.

कोशात शब्दाचा उगम द्यावा लागतो. हुंबूपुढे मी 'उगम अज्ञात' असं लिहिलं. लोकांनी काय काय तर्क लढवले! कुणी म्हणे आफ्रिकेतला, कुणी म्हणे कार्टूनमधला. मी गंमत बघत बसलो.

शब्द तू केलास, दोन वर्षांची असताना. पडलीस, मार बसला, काही हातातून काढून घेतलं, की आधी तुझ्या नाकातून 'हुं' निघायचं. मग ओठ पुढे. मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग 'बू'. तुझी आई त्या मधल्या वेळातच तुला उचलायची, त्यामुळे पुष्कळदा 'बू' व्हायचंच नाही. मी उचलायचो नाही, मी त्याचं क्रियापद केलं. हुंबू करू नकोस. हुंबू करणाऱ्याला बाहेर नेणार नाही. पाहुणे आले की तुला पुढे करून, "ही आमची हुंबूबाई." पाहुणे हसायचे. तुझी आई म्हणायची, "पुरे हं. मस्करीची कुस्करी व्हायची." मला वाटायचं, मी काय प्रेमळ बाप आहे, मुलीसाठी शब्द घडवतो!

व्हिडिओ पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला काय वाटलं सांगू का? बरं वाटलं. आपल्या घरचा शब्द अजून तुझ्या तोंडात आहे, एवढंच मला दिसलं. तू रडतेस हे मागून दिसलं. फोन हातात होता, नंबर होता. केला नाही.

तर आता मुद्द्याचं. तू हॉस्टेलात होतीस तेव्हा दर रविवारी मला इंग्रजीत पत्र लिहायचीस. मी ते लाल पेनाने तपासून परत पाठवायचो, आणि सोबत माझं उत्तर, तेही इंग्रजीत. त्यातल्या एका उत्तरात हा शब्द मी इंग्रजी वाक्यात वापरला आहे. तुझ्या व्हिडिओपेक्षा वीस वर्षांनी जुना. ते पत्र मिळालं तर वरचं नाव माझं होईल आणि तुझं जाईल. माझ्याकडे तुझी पत्रं नाहीत, मी सगळी परत पाठवत होतो. माझी तुझ्याकडे असली तर असतील.

शेवटचं पत्र बघ. आई गेली त्या आठवड्यातलं. पाकिटासकट लागेल, टपालाच्या शिक्क्यासाठी. त्यात मी नेमकं काय लिहिलं होतं ते आता आठवत नाही.

— बाबा


५ मार्च

दोन आठवडे झाले. आत्या म्हणते, पत्र दिलं. पुढे काही बोलत नाही.

घोस्टिंग हा शब्द आम्ही घेतला तेव्हा व्याख्या मीच लिहिली होती. 'कारण न देता, अचानक सर्व संबंध तोडणे.' यातलं 'कारण न देता' तुला लागू होत नाही, म्हणून तुझ्यावर तो आळ घेत नाही. व्याख्येच्या बाबतीत मी अजून प्रामाणिक आहे.

बाकीच्या बाबतीत ऐक. सोमवारी मी कपाटातून तेवीस वर्षांपूर्वीची डायरी काढली. तिच्यात फेब्रुवारीची पानं कोरी होती. मंगळवारी ऑफिसात बसून एका पानावर जुन्या शाईच्या पेनाने, माझ्या तेव्हाच्या वळणाने, एक इंग्रजी वाक्य लिहिलं, हुंबू असलेलं. निरुपद्रवी वाक्य. मुलीचं कौतुक करणारं. आणि लगेच तपासायला दिलं.

बाईंकडे जाण्याआधी सगळ्या नोंदी दाढी तपासतो. त्याने पान बघितलं, पानावरून अंगठा फिरवला आणि अंगठा माझ्यासमोर धरला. निळा.

"सर," तो म्हणाला, "शाई अजून ओली आहे."

मी त्याच्याहून वीस वर्षांनी मोठा. नोंद खरी की खोटी हे ओळखायला त्याला मीच शिकवलं. जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं. त्याने आजूबाजूला पाहिलं, पान हळूच फाडलं, चार तुकडे केले आणि स्वतःच्या खिशात घातले. टोपलीतसुद्धा टाकले नाहीत, कुणी बघेल म्हणून.

"खरी आहे का कुठे?" त्याने विचारलं.

"आहे."

"कुणाकडे?"

"जिच्याकडे आहे ती माझ्याशी बोलत नाही."

"तुम्ही मागितलीत?"

"एका पत्रात."

"कशी मागितलीत?" मी डायरी मिटली. तेव्हा म्हणाला, "नीट मागा ना, सर."

नीट म्हणजे कशी, हे मी तीन दिवस ठरवतो आहे.

— बाबा


१४ मार्च

काय लिहिलं होतं ते आठवत नाही, असं मी तुला लिहिलं. ते खोटं आहे. मला ते पत्र तोंडपाठ आहे.

तू अकरा वर्षांची होतीस. आईला बरं नाही एवढंच तुला सांगितलं होतं. किती बरं नाही, ते सांगितलं नव्हतं. ती म्हणायची, "तिला बोलावून घ्या." मी म्हणायचो, परीक्षा होऊ दे, मुलीचं इंग्रजी आत्ता कुठे रुळावर येतंय. डॉक्टरांनी मला दोन महिन्यांचा अंदाज दिला होता आणि मी त्यावर वेळापत्रक आखलं होतं. मला वेळापत्रकं आखायला आवडतात, तुला माहीत आहे.

तू लिहिलंस की तुला घरी यायचंय, रात्री रडू येतं, आणि रडू येतं त्याबद्दल सॉरी. मी उत्तर दिलं. त्यात हुंबू होतं आणि एक अट होती. ती अट मला इथे लिहवत नाही. पत्र सोमवारी टाकलं. आई शनिवारी गेली.

तू पोचलीस तेव्हा घर आवरून झालं होतं. तिची गादीसुद्धा उचलली होती. तू दारात बॅग घेऊन उभी राहिलीस. नाकातून 'हुं' निघालं, ओठ पुढे आला, आणि तू माझ्याकडे बघून तो आत ओढलास. रडली नाहीस. मी जमलेल्या लोकांना म्हणालो, "बघा, किती समजूतदार!" त्यानंतर तू माझ्यासमोर कधीही रडली नाहीस. आत्याकडे राहायला जायचंय म्हणालीस तेव्हाही नाही. मला वाटलं, बरं वळण लागलं.

वीस वर्षांनी तू जगासमोर रडलीस, आणि मी त्यातली तारीख पाहिली.

मला तुझी क्षमा नको. म्हणजे हवी आहे, पण ती मागायला हे पत्र नाही. पत्र मागतो आहे. ते छापलं तर जगाला कळेल की हा शब्द कुणी, कुणाला, कधी म्हटला. लोकांना हसायचं असेल तर माझ्यावर हसू दे. मला लाँड्रीतून शोधायची गरज नाही, मी रोज साडेनऊला याच टेबलावर असतो.

तू ते जाळलं असलंस तरी मी समजेन. तसं आत्याला मानेने सांग.

— बाबा


२६ मार्च

आलं!

आत्या स्वतः घेऊन आली. दाराबाहेरूनच दिलं, आत आली नाही. वर्तमानपत्राच्या कागदात नीट गुंडाळलेलं, दोरा बांधलेला. आत तेच पाकीट. टपालाचा शिक्का अर्धा पुसला आहे, पण दिवस, महिना, वर्ष तिन्ही वाचता येतात. मी भिंग लावून पाहिले. पत्राच्या डोक्यावर माझ्या हातची तारीख. चौथ्या ओळीत शब्द, इंग्रजी वाक्यात, इंग्रजी अक्षरांत. याला कुणी हरकत घेऊ शकत नाही.

तुझी चिठ्ठी सोबत नव्हती. मी वर्तमानपत्राचा कागद दोन्ही बाजूंनी पाहिला. नव्हती.

"काही म्हणाली?" मी आत्याला विचारलं आणि मग माझं मलाच कळलं काय विचारलं ते.

"दिलंय ना तिने," आत्या म्हणाली. "तेवीस वर्षं जपलेलं दिलंय. अजून काय पाहिजे तुला?"

परवा बाई गावाहून येतात. अजून तीन दिवस हातात राहतात. काम झालं म्हणून समज.

— बाबा


२८ मार्च

काम झालं. ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं वाचायचं नसेल तर ठेवून दे. तुझं नाव दुपारी अडीचला निघालं. पडद्यावरून गेलं, छापायच्या पानातूनही गेलं. मी स्वतः पान पाहिलं, मग दाढीला पाहायला लावलं. आता तिथे माझं नाव आहे, तेवीस वर्षांपूर्वीची तारीख आहे आणि माझं वाक्य आहे. 'उगम अज्ञात'च्या जागी लिहिलं आहे: 'लहान मुलीच्या रडण्यास वडिलांनी दिलेले हेटाळणीचे नाव.' बाई म्हणाल्या, हेटाळणी हा शब्द नाही घातला तरी चालेल. मी म्हटलं, एकतीस वर्षं व्याख्या लिहितोय, मला ठाऊक आहे कोणता शब्द लागतो.

शब्द वीस वर्षं मागे गेला. एवढा मागे आजवर कुणी नेला नव्हता. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

आता ती अट. बाईंनी पत्र मोठ्याने वाचलं, तपासणीचा तसा नियमच आहे. माझंच इंग्रजी त्यांच्या तोंडून ऐकलं. आपल्या भाषेत ते असं होतं:

'तुझं पत्र तपासून सोबत परत पाठवत आहे. त्यात चौदा चुका आहेत. घरी येण्याबद्दल तू लिहिलंस. हे हुंबू आता पुरे. ज्या दिवशी एकही चूक नसलेलं पत्र लिहिशील, त्या दिवशी घरी ये.'

खाली सही. दाढी खिडकीकडे बघत होता.

मग बाईंनी कागद मशीनवर ठेवला. अस्सल कागदाच्या दोन्ही बाजू टिपायच्या असतात, म्हणून पहिली झाल्यावर त्यांनी तो उलटला. आणि तसाच हातात धरून उभ्या राहिल्या.

"तुम्ही मागची बाजू पाहिलीत?" त्यांनी विचारलं.

पाहिली नव्हती. दोन दिवस कागद माझ्याकडे होता. मी भिंग लावलं, तारीख पाहिली, शिक्का पाहिला, शब्द पाहिला. माझ्या कामाचं सगळं पुढच्या बाजूला होतं. मागे पेन्सिलीच्या पुसट रेघा दिसत होत्या, त्या हॉस्टेलातल्या कसल्या तरी असतील असं धरून चाललो. वर्तमानपत्राचा कागद मात्र मी दोन्ही बाजूंनी पाहिला होता.

बाईंनी मागची बाजू टिपली नाही. "एक बाजू पुरे," म्हणाल्या. अस्सल कागद ऑफिसात ठेवून घ्यायचा असतो, तोही त्यांनी ठेवला नाही. माझ्या हातात दिला, मशीन बंद केलं आणि दाढीला घेऊन बाहेर गेल्या.

ते तुझं उत्तर होतं. टाकायचं राहिलेलं. वर तारीख त्या शनिवारची. तू इंग्रजीत लिहिलं आहेस:

'प्रिय बाबा, तुमचं पत्र मिळालं. रविवारशिवाय कोरा कागद मिळत नाही, म्हणून तुमच्याच कागदाच्या मागे लिहीत आहे, त्याबद्दल माफ करा. पत्र आल्यापासून मी एकदाही हुंबू केलेलं नाही. हे मी कुणाची मदत न घेता लिहिलं आहे आणि पुष्कळ वेळा तपासलं आहे. आई कशी आहे? मी आता घरी येऊ का?'

त्या दिवशी दुपारी मी हॉस्टेलात फोन केला होता. म्हणून ते टाकायचं राहिलं असेल.

मी माझ्या टेबलाशी येऊन बसलो. तुला राग येईल, पण जे केलं ते सांगतो. लाल पेन उघडलं. हात आपोआप गेला. एकेक शब्द पाहिला. स्वल्पविराम पाहिले, मोठी अक्षरं पाहिली, क्रियापदं पाहिली. मग पुन्हा सुरुवातीपासून पाहिलं. मला एक तरी सापडावी असं वाटत होतं, इतका मी नालायक आहे.

एकही चूक नाही.

पेन बंद केलं. तुझ्या या पत्राचं उत्तर द्यायचं राहून गेलं होतं, ते आज देतो.

हो, ये. यायला हवं होतंस, मी तुला येऊ द्यायला हवं होतं.

आणि आई कशी आहे, असं तू विचारलं आहेस. त्या शनिवारी सकाळी शुद्ध जाईपर्यंत ती एकच विचारत होती, तू निघालीस का. मी तिला 'हो' म्हणून सांगितलं होतं.